‘रस नाही’ या रकान्यातली माणसं

प्रिय टिंब,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा मी दर पंधरा दिवसांनी लिहायचो. पोस्टात टाकण्याआधी तुझी आई ती पत्रं वाचायची आणि म्हणायची, यात मायेपेक्षा स्वल्पविराम जास्त आहेत. पुढे फोन स्वस्त झाले आणि आपण दोघंही आळसावलो. हे पत्र लांबणार आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो.

घरात तसं सगळं जागच्या जागी आहे. आईची खाट काढून टाकायची असं दर महिन्याला म्हणतो आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. स्वयंपाक एका वेळचा करतो, दुसऱ्या वेळी तोच गरम करतो. टीव्ही लावतो, पण आवाज बंद ठेवून खाली येणारी अक्षरं वाचतो. बातम्या देणारे फार चुका करतात शुद्धलेखनाच्या. सकाळ कशीही निघून जाते. संध्याकाळी पाच ते सात मात्र संपता संपत नाही. त्या वेळी मी खिडकीत बसून समोरच्या लाँड्रीत माणसं कपडे द्यायला येतात ते बघतो. कोण कधी येतं, कोणाचे सदरे किती, हे मला आता पाठ झालंय. त्यांच्यातल्या एकाशीही मी आजवर बोललेलो नाही.

आईच्या शेवटच्या चार महिन्यांत ज्या परिचारिका घरी यायच्या, त्यांच्या संस्थेत मी आठवड्यातून तीन दिवस जातो, हे तुला ठाऊक आहे. तिथे नेमकं काय करतो ते तू विचारलं नाहीस, किंवा विचारलं असशील आणि मी भलतंच काहीतरी सांगितलं असेल. संस्थेला मदत करणाऱ्या लोकांना मी फोन करायचो. समोर छापील मजकूर ठेवलेला असायचा, कानाला यंत्र लावायचं आणि वाचल्यासारखं न वाटता वाचायचं. चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसाला ते जड नव्हतं. बोलणं झालं की कॉम्प्युटरवर खूण करायची: मदत करतील, नंतर करतील, रस नाही. माझ्या खुणा बहुतेक पहिल्या रकान्यात असायच्या. मला वाटायचं, आपल्याला हे बरं जमतंय.

तिथे एक बाई आहेत. हिशेब नव्हे, माहिती सांभाळतात. कोणी किती वर्षं साथ दिली, कोणाला पत्र आवडतं, कोण कशामुळे दुरावलं, हे सगळं त्या आकड्यांतून काढतात, म्हणून आम्ही त्यांना आकडेताई म्हणतो. वयानं तुझ्याएवढ्या, बोलणं कमी, खुर्चीच्या पाठीवर कायम एक राखाडी शाल. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला जेवणानंतर बोलावलं आणि दार लावून घेतलं. संस्थेनं नवी यंत्रणा घेतली होती. फोनवर झालेलं सगळं बोलणं ती आपोआप लिहून काढते. माझ्या काही फोनांचे कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मला वाटलं, यंत्र नीट लिहितं का ते माझ्याकडून तपासून हवंय. मी खिशातली पेन्सिल काढली आणि ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला लागलो. पान दीड पान तसाच गेलो. मग अर्थ डोक्यात शिरायला लागला.

एका आजी म्हणाल्या होत्या, मला आता दिसत नाही हो, तुमची पत्रं वाचता येत नाहीत, पाठवू नका. त्यावर मी म्हटलेलं, हो हो, पाठवतो की, आनंदानं पाठवतो. एक गृहस्थ म्हणालेले, माझी बायको गेल्याच महिन्यात वारली. त्याखाली माझं वाक्य होतं: वा, मग त्यांनाही आमचा नमस्कार सांगा. पुढे कंसात यंत्रानं लिहिलं होतं, सहा सेकंद शांतता. आणि नंतर पुन्हा मीच, छापील मजकुरातला पुढचा परिच्छेद वाचत. तीन महिन्यांत ज्या लोकांनी ‘आमचं नाव यादीतून काढा’ म्हणून कळवलं, त्यांतले निम्मे माझ्याशी बोललेले होते.

आकडेताई पडद्याकडे बघत काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, हो, यंत्र छान आहे. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?’ चाळीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या असंख्य चुकांखाली रेघा ओढल्या, पण स्वतःच्या नावापुढे असा शेरा पहिल्यांदा पाहिला. मी पेन्सिल खिशात ठेवली, पिशवी घेतली आणि घरी आलो.

टिंब, मला ऐकू येत नाही. आजचं नाही, पाच-सहा वर्षं झाली. छापखान्यात माझं टेबल यंत्रांच्या भिंतीला लागून होतं, तिथेच कानांनी दम सोडला असणार. आईला कळलं होतं. ती माझ्या डाव्या बाजूला बसायची आणि लोक बोलले की तेच वाक्य सहज बोलल्यासारखं परत म्हणायची. ‘ते म्हणतायत तसं, पाणी उद्या नाही.’ कोणाला पत्ता लागला नाही. ती गेल्यावर मी स्वतःच्या युक्त्या काढल्या. लोकांचे ओठ बघायचे, ते हसले की हसायचं, आणि काहीच कळलं नाही तर ‘छान छान’ म्हणायचं. बहुतेक वेळा चालून जातं. फोनवर ओठ दिसत नाहीत. तिथे शब्दाचा शेवट तेवढा कानावर पडतो आणि आधीचं आपण मनानं भरतो. मन बिचारं चांगलंच काहीतरी भरतं. म्हातारा झालो म्हणायला मला काही वाटत नाही, पण बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात आणि बहिऱ्याला हसतात, एवढंच लहानपणापासून पाहिलं होतं.

आठ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. कोणी आलं नाही. कोण जाणे, कोणी बेल वाजवलीही असेल. नवव्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आत आली. आकडेताईंची होती. त्या दोनदा येऊन बेल वाजवून गेल्या होत्या म्हणे. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रागावून बसू नका. कामाचं विचारायचंय. या.’

गेलो. त्यांनी यादी दाखवली. सत्तरी उलटलेली तीनशेच्या वर माणसं, कोणी दहा वर्षं संस्थेला धरून असलेली, आमचा फोन अर्ध्या मिनिटात ठेवून देत होती. यंत्रणेनं त्या सगळ्यांना ‘रस नाही’मध्ये टाकलं होतं, आणि एकदा तिथे गेलेल्या माणसाला पुन्हा कोणी विचारत नसे. त्यांनी विचारलं, या वेळी माझ्यासमोर बसून, सावकाश, की तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, ताई, मला जे वाटतं ते तुमच्या यंत्राला कसं वाटणार. यांना रस आहे. यांना ऐकू येत नाही, आणि ते सांगण्यापेक्षा फोन ठेवणं सोपं पडतं.

मग आम्ही पत्रं केली. हे काम माझं, त्यात मला कोणी शिकवायला नको. टाइप मोठा, ओळी आखूड, दोन ओळींत मोकळी जागा, चकाकणारा कागद नाही. एका पानावर एकच गोष्ट. ‘आपल्या अमूल्य सहकार्याच्या अपेक्षेत’ वगैरे मी खोडून टाकलं आणि लिहिलं, ‘तुम्ही कसे आहात?’ सोबत तिकीट लावलेलं पाकीट आणि एक छोटा कागद: आम्ही तुमच्याशी कसं बोलावं? पत्रानं, फोनवर, कोणी घरी येऊन, की बोलूच नये? शेवटचा पर्याय संचालकांना पसंत नव्हता. आपणच लोकांना बाहेरचं दार का दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. आकडेताईंनी हट्टानं ठेवला. ज्या आजींना दिसत नव्हतं, त्यांच्यासारख्यांसाठी एका परिचारिकेनं तेच पत्र स्वतःच्या आवाजात वाचून पाठवलं.

पहिली शंभर पत्रं गेली, त्यांतली साठेक परत बोलली. पैसे थोड्यांनीच पाठवले, आणि संचालक अजून म्हणतात की आपण मदत मागत होतो की पत्रमैत्री. पण लोकांनी काय काय लिहिलंय, टिंब. पानंच्या पानं. एका निवृत्त शिंपिणीनं लिहिलं की तीन वर्षांत ‘तुम्ही कसे आहात’ असं मला फक्त तुम्ही विचारलंत, म्हणून आता ऐकूनच घ्या. मी तिन्ही दिवस ती पत्रं वाचतो आणि उत्तरं लिहितो. आकडेताईंनी यंत्रणेत एक नवा रकाना केला: या माणसापर्यंत कसं पोचायचं. ‘रस नाही’ असं लिहिण्याआधी तो भरावाच लागतो.

ज्यांना मी फोनवर भलतंसलतं बोललो होतो, त्या सगळ्यांची मी हातानं लिहून माफी मागितली. ज्यांची बायको वारली होती त्यांना लिहायला चार दिवस लागले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. ‘तुम्ही दुष्ट आहात असं समजून चाललो होतो. तसं नव्हतं हे कळलं, आता जरा झोप लागेल.’ माणसानं महिनोन्‌महिने असं काही उराशी धरून ठेवलेलं असतं आणि आपल्या गावीही नसतं.

कान तपासून घेतले. यंत्र मिळालंय. त्यानं चमचे, कागद, स्वतःच्या चपला, सगळं फार मोठ्यानं ऐकू येतं. माणसाचा आवाज मात्र अजून पाण्याखालून आल्यासारखाच येतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल.

आता तुझ्याबद्दल. चार महिने तुझा फोन नाही. मी दोनदा केला, जावईबापूंनी घेतला. ते काय म्हणाले ते कळलं नाही. मी दोन्ही वेळा ‘बरं बरं, काळजी घ्या’ म्हणून ठेवला. तू फोन करत नाहीस याचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, कुठेतरी सुटल्यासारखंही वाटायचं, कारण तुझ्याशी बोलताना मी घामाघूम व्हायचो. तुला वाटत असेल बाबांना आपल्यात रस उरला नाही. मी मनाशी म्हणायचो, पोरीला दिवस गेलेत, थकत असेल, बाळ झालं की आपसूक बोलेल. त्या कागदांनंतर मनात आलं होतं की तुझ्याशी बोलताना काय काय निसटलं असेल. पण विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या रविवारी तुझी आत्या आली होती. चहा घेताना मी तिला म्हटलं, नववा लागला असेल ना, मी तिकडे कधी जाऊ, आधी की नंतर. तिनं कप खाली ठेवला. काहीतरी बोलली. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो, पण तिनं तोंडावर पदर धरला होता. शेवटी तिनं वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, ‘पाचव्यातच गेलं. तिनं तुला स्वतः फोन करून सांगितलं होतं.’

तो फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो, म्हणजे मला जेवढा ऐकू आला तेवढा. तू म्हणालीस, ‘बाबा, बाळ गेलं.’ मी ऐकलं, ‘बाळ हललं.’ आई सांगायची, तूही पाचव्यातच हलायला लागली होतीस, म्हणून असेल. मी म्हटलं, ‘अरे वा, छान. आता काय, आता रोजच होईल.’ तू काही बोलली नाहीस असं मला वाटलं. बोललीही असशील. मग मी गच्चीच्या रंगाचं काहीतरी सांगत राहिलो आणि फोन बंद झाला. पोरी, मला ऐकू आलं नव्हतं. एवढं सांगायला मी ही सगळी पानं लिहिली. आधीच्या पानांत जे आहे ते तेच लिहायचा धीर गोळा करत लिहिलंय. तू माफ करावंस म्हणून नाही. त्या दिवशी तू बापाला जे सांगत होतीस ते तुझ्या बापानं अजून ऐकलेलंच नाही, आणि ते त्याला ऐकायचंय. फोन करू नकोस. जमेल तेव्हा लिही, एक ओळ असली तरी. मी तिकडे यावं असं वाटत असेल तर तसं लिही, येऊ नये वाटत असेल तर तेही लिही. मुलगा होता की मुलगी, एवढंसुद्धा मला माहीत नाही.

तुझाच,
बाबा