चेटकिणीच्या पुस्तकाचा पाचवा तुकडा

८ जानेवारी

आज दुधाच्या टेम्पोतून चेटकीण आली! सावळेरामनं दुधाचा कॅन उचलला आणि सुतळीनं शिवलेलं एक बाड माझ्या हातात ठेवलं. "मढच्या इंद्रायणीताईंचं हाय वैनी, बोरीवरनं आलंय. जपून ठिवा म्हनल्या."

इंद्रायणी माझी शाळेतली मैत्रीण, मढला अंगणवाडीत असते. तिच्याकडं एक जाडजूड कादंबरी आहे — चेटकिणी, उडते घोडे, धुक्याची राणी, असलं सगळं. वाचणारे बरेच आणि पुस्तक एक. मग ह्या बाईनं काय करावं? ब्लेडनं पुस्तकाचे पाच तुकडे केले, दाभणानं शिवले, जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली आणि दिले टेम्पोत सोडून! आधी बोरीच्या जयाकडं, तिथून पिंपरी पेंढारला माझ्याकडं, मग घोडेगावच्या अमृतकडं. नियम दोनच. वाचून झालं की अडवून ठेवायचं नाही आणि शेवट कुणाला सांगायचा नाही.

मला कुठला वेळ? गोठा, कांदा, आणि नवरा खाटेवर. पहिला तुकडा ठेवून दिला फडताळात.

११ जानेवारी

ट्रॉलीवरून पडून ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, त्याला महिना होऊन गेला. हाड जुळतंय, पण माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला. गुडघा वाकवा म्हटलं की एकच — "कशाला? मी आता काय कामाचा ऱ्हायलोय?" डॉक्टर म्हणतात, असाच ठेवला तर गुडघा कायमचा आखडेल. मग चालणार कसे, रान बघणार कसं? चुलीपुढं बसून रडून घेतलं.

मग रागातच ते बाड काढलं आणि खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागले. ऐकायचं तर ऐका, नाहीतर राहिलं!

१२ जानेवारी

"त्या घोड्याचं काय झालं पुढं?" — स्वतःहून विचारलं!!

२१ जानेवारी

आता आमचं ठरलंय — आधी गुडघा, मग राणी. व्यायाम झाल्याशिवाय पान उलटत नाही मी. घाम फुटतो, शिव्या देतात — मला नाही, डॉक्टरला. पण वाकवतात! आज राणीनं धुकं सोडून अख्ख्या सैन्याची वाट चुकवली. तर म्हणतात, "माळशेजला पावसाळ्यात असंच व्हतंय की! लिवणारा हिकडं येऊन गेलाय, माज्याकडनं लिवून घे." किती दिवसांनी हे हसले.

लग्नाला सोळा वर्षं झाली, पण आम्ही दोघं एका जागी तासभर बसलोय असं कधी झालंच नव्हतं. एक विहिरीच्या मोटारीवर तर दुसरं गोठ्यात. भांडायचो तेसुद्धा चालता चालता. इंद्रायणीचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

९ फेब्रुवारी

चौथा तुकडा संपला. राणी कड्यावर एकटी, खाली सगळं राज्य जळतंय — आणि पान संपलं! बाईनं ब्लेड बरोबर तिथंच चालवलंय. अंगणवाडीतल्या पोरांना पण अशीच छळते का?

पाचवा जयाकडून लवकरच येईल. हे वॉकर धरून पडवीपर्यंत जाऊन येतात आता.

१४ फेब्रुवारी

पाचवा तुकडा हरवला! जया सांगते, तिनं परवाच टेम्पोत दिला. परवा मी कांद्याच्या रानात, घरी हेच होते. विचारलं तर — "मला कुनी काय दिलं न्हाई." मग सावळेरामला भर रस्त्यात उभा करून झाडला. चार गावांची माणसं ताटकळत बसलीत, आणि तुला एक पुस्तक सांभाळता येत नाही? तो आपला खाली बघत म्हणाला, "पडला आसंल वैनी माज्याच हातनं. चुकलं."

चुकलं म्हणे!

१६ फेब्रुवारी

इंद्रायणीचा फोन. हिला आपल्या पुस्तकाचं काही नाही, काळजी ह्यांचीच. "भरतभाऊंना दे फोन, मी शेवट सांगून टाकते. नियम गेला खड्ड्यात." ह्यांनी फोनलाच हात जोडले. "ताई, नका सांगू. पुस्तकातनंच ऐकनार मी." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तवर पैल्यापासनं वाच की परत."

पुस्तक अडलं की गुडघाही अडेल, अशी मला धास्ती होती. नाही अडला. घोडेगावहून अमृतनं पहिला तुकडा शोधून परत पाठवला. कोण कुठली माणसं, पण कुणी एका शब्दानं नाही म्हणत नाही.

२३ फेब्रुवारी

राणी मरते की जगते, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण. हे म्हणतात मरते, मी म्हणते जगते. चहा गार झाला.

अमृतचा फोन — "वैनी, घावला का वो? आमची आई धड जेवंना त्या राणीपायी." लाजेनं मेल्यासारखं झालं.

२ मार्च

आज काठी टेकत गोठ्यापर्यंत चालत गेले! गाय हंबरली तर डोळे पुसत होते. मीही. देवा, ह्या पुस्तकवाल्या सगळ्यांचं भलं कर.

६ मार्च

गादी उन्हात टाकायला उचलली. खाली पाचवा तुकडा. शेवटच्या पानात गोळ्यांचं रिकामं पाकीट खुणेला — म्हणजे वाचूनसुद्धा झालाय! आणि वर माझ्याशी भांडत होते!

सावळेरामनं ह्यांच्याच हातात दिला असणार. तरी ह्यांच्यासाठी माझं सगळं ऐकून घेतलं त्यानं. उद्या त्याला जेवल्याशिवाय सोडायचा नाही.

पुस्तक संपलं की मी उठून कांद्यात जाणार, एवढंच भय होतं ह्या माणसाला. मी तिथंच बसून पोटभर रडले. मग गादी होती तशी घातली, तुकडा होता तिथंच ठेवला. संध्याकाळी खाटेशेजारी बसले आणि विचारलं, "कुठून वाचू?"

घोडेगावलाही फोन केला. अमृतभाऊ, आईंना जेवून घ्यायला सांगा, राणीला अजून थोडा वेळ लागेल.