ओट्यावरचं ओलं ताट

सूनबाई,

"आई, जेवलात की कॅलेंडरवर खूण करत जा," असं तू सांगितलं होतंस. मला राग आला होता. सगळी स्तोत्रं तोंडपाठ आहेत माझी, मला कसली खूण!

आज दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. व्रतामुळे दिवसातलं माझं एकच जेवण, तेही झालं नाही असं वाटलं आणि बोलून गेले, "सून उपाशी ठेवून जाते मला." जीभ आवरलीच नाही. त्यांनी डबा आणून दिला, तो खाल्ला. मग ओट्यावर माझंच ताट दिसलं, धुतलेलं, अजून ओलं.

व्रत मोडलं, ते देव बघून घेईल. पण तुला नावं ठेवली, ते मीच निस्तरायला हवं. आजच त्यांना खरं सांगेन, असा देवापुढे शब्द दिलाय. विसरायच्या आत वर जाऊन येते.

आई