साधनाताईंचा सोन्याचा ससा

४ फेब्रु.
बोरगाव मेघेच्या साधनाताई दुकानात आल्या. पदराला लावायची जुनी पिन आणली. सोन्याचा बसलेला ससा, कानांच्या कडेला बारीक हिरे. त्यांच्या आजीला एका डॉक्टरीणबाईंनी बदली होऊन जाताना दिलेला. मागचा आकडा तुटलाय. करून देतो म्हणालो. इतकं नाजूक काम कित्येक वर्षांत हातात आलं नाही.

६ फेब्रु.
नाही जमलं. आकडा जोडायला डाग द्यावा तर आच लागते, हिरे ढिले होतात. तीनदा केलं, तीनदा निघालं. सौ. म्हणाली, डोळे तपासून घ्या. उगाच तिच्यावर चिडलो. डोळे तपासायलाच हवेत.

९ फेब्रु.
ताईंचा मुलगा निखिल आला, एकटाच. पुलगावला नोकरीला असतो. लग्न ठरलंय. ससा गाळून होणाऱ्या बायकोसाठी मंगळसूत्र करा म्हणाला.
आईला विचारलं का?
"ते मी पाहून घेतो. कपाटात पडून तर राह्यते, काका."
माझं डोकं फिरलं. सांगून टाकलं, सोनं हलकं आहे, मंगळसूत्राच्या कामाचं नाही. साफ खोटं. सोन्याबद्दल आजवर कधी...
तो तडक निघून गेला.

१० फेब्रु.
ससा वाचवला हे सांगायला ताईंना फोन केला. वाटलं, बरं वाटेल त्यांना. पण सोनं हलकं निघालं, असं निखिलनं घरी सगळ्यांसमोर सांगितलेलं. ताईंच्या जावा हसल्या म्हणे, डॉक्टरीणबाईनं आजीला फसवलं म्हणून.
"मीच त्याले नाई म्हणणार होती, भाऊ. तुमी मले म्हणूच देलं नाई."
फोन ठेवला त्यांनी. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रु.
आकडा बसला. छान उघडतो, मिटतो. चार दिवसांपूर्वी बसला असता तर नाचलो असतो.
निखिल फोन उचलत नाही. मेसेज टाकला: सोनं चोख आहे, मी खोटं बोललो. उत्तर नाही.

१४ फेब्रु.
दुपारी त्याचा फोन. आवाज कोरडा. "आईले घेऊन येतो पाचला. तिच्यासमोर कस लावून दाखवा."
कसोटीचा दगड पुसून ठेवलाय. चोख निघालं की तो पुन्हा गाळायचंच म्हणेल. ताई तेव्हा नाही म्हणतील की लेकाकडं बघून गप्प बसतील, कोण जाणे. मी मध्ये तोंड घालणार नाही. घालावंसं फार वाटेल.
बाहेर गाडी थांबली. ताई पुढं, तो मागं. वही मिटतो.