हिचं रिटर्न, हिचे डोळे आणि माझी देखरेख

३ जून
विमा कंपनीचं पत्र आलं. हिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च आधी मंजूर करून हवा असेल, तर हिच्या इन्कमटॅक्स रिटर्नची पावती महिनाअखेरच्या आत द्या. रिटर्न अजून भरलेलं नाही. शिवणकाम हिचं, कमाई हिची, पॉलिसीही हिचीच. पण कागदपत्रं हे खातं लग्नापासून माझ्याकडे. ऑफिसात स्टेशनरीचं कपाट मीच सांभाळतो, कागद मला नवे नाहीत. रविवारी बसलो की हातासरशी उरकेल. हिला म्हटलं, निश्चिंत राहा.

८ जून, रविवार
बसलो. आधी फाइली लावल्या, कारण पाया पक्का हवा. इन्कमटॅक्सला निळी, विम्याला हिरवी. हॉस्पिटलच्या तपासण्यांची बिलं दोन्हीकडे लागतात, तिथे घोडं अडलं. तिसरा रंग घरात नाही. ऑफिसातून आणावा लागेल. ही म्हणाली, रविवार फुकट गेला. पाया वरून दिसत नसतो, पण हिला कोण सांगणार.

११ जून
ऑनलाइन भरायला घेतलं. पासवर्ड चुकीचा म्हणे. पासवर्ड मी ठेवलेला आणि मलाच चुकीचा म्हणतात. पुन्हा पुन्हा टाकला तर अकाउंट लॉक. हेल्पलाइनवर नुसतं संगीत. चहा गार झाला, तेव्हा कुठे एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ज्यांचं खातं आहे त्यांनाच फोन द्या. ज्यांचं खातं त्या आतल्या खोलीत शिवत होत्या. हिला कशाला त्रास, म्हणून ठेवून दिला.

१२ जून
ही म्हणाली, लायब्ररीत शनिवारी रिटायर झालेले अकाउंटंट फुकट फॉर्म भरून देतात, जाऊ या. मी म्हटलं, दुसऱ्याचा हात धरायला मी काय आंधळा आहे का. बोलून गेलो. काल गिऱ्हाइकाच्या कोटाला हिच्याकडून बाही उलटी लागली, ती डोळ्यांजवळ धरून उसवत बसली होती. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. मी तरी कुठे थांबलोय?

१४ जून, शनिवार
लायब्ररीत गेलो. मदतीसाठी नाही, त्यांची पद्धत बघायला. नंबर घेतला. रांगेत लोकांचा नुसता सावळागोंधळ. एका टोपीवाल्या गृहस्थांना औषधांचा खर्च कुठे लिहायचा ते सांगितलं. मग एका आजींना. मग लोक आपणहून खुर्च्या ओढून माझ्याभोवती. इतका मान ऑफिसात कधी मिळाला नाही. त्या नादात माझा नंबर पुकारून गेला आणि टेबल बंद झालं. हिला सांगितलं, काम मार्गी लागलं. लागलंच होतं, टोपीवाल्यांचं.

२१ जून, शनिवार
परत गेलो. दारातच टोपीवाले. त्यांचा फॉर्म परत आलाय आणि ते मला शोधतायत. नियम मधल्या मध्ये बदलले असणार, त्याला मी काय करू? मागच्या जिन्याने निघालो. लोकांचं भलं करायला जाऊ नये हेच खरं.

२५ जून
ऑफिसातून पिवळी फाइल आणली. आता सगळं तयार. फक्त हिचा बँकेचा दाखला सापडत नाही. मी नीट ठेवला होता, म्हणजे कोणीतरी हलवला. वैताग आहे. या घरात एक कागद जागेवर राहील तर शपथ.

२८ जून, शनिवार
सकाळी ही पर्स घेऊन निघाली. म्हणाली, मी लायब्ररीत चालले, यायचं तर या. देखरेखीला कोणी हवं, म्हणून गेलो. तिन्ही फाइली पिशवीत.

टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी कागद मागितले. मी पिशवीची गाठ सोडतोय तोवर हिने सगळे काढून दिले, लागतील तसे, शिवणाच्या टाचण्या लावून. बँकेचा दाखलाही त्यातच. पासवर्डही बाईंनी बदलून दिला. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात पावती हातात. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

शेवटी बाईंनी त्यांच्या नोंदीसाठी विचारलं, घरी कागदपत्रांना मदत करणारं कोणी आहे का. मी खुर्चीत सरळ झालो. ही म्हणाली, नाही, कोणी नाही. रागाने नाही, कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं. बाईंनी लिहून घेतलं.

फार लागलं मनाला. घरी आल्यापासून हिच्या उत्तरात चूक शोधतोय. सापडत नाही.