मशीन कोणाची, ते शेवटच्या कलमात पाहावे

मी, विजया श्रीधर कळंबे, वय एकाहत्तर, धंदा घरकाम व शिवण, राहणार स्टेशनमागची आळी, पांढुर्णा, जिल्हाही आता पांढुर्णाच (हात अजून सवयीने छिंदवाडा लिहितो), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भरीसही पाडलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. गोंधळ आहे तो कोणती वस्तू कोणाला द्यावी याचा. अशा गोंधळाला कायद्यात मनाई नाही, असे शेजारचे दत्तात्रय भाऊजी सांगतात. ते सौंसरच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे मी त्यांचे मानते.

त्यांनी आणखी एक सांगितले. "वहिनी, खोडू नका जी. जितकं खोडसान तितक्या सह्या लागतीन. मन बदललं तर खाली नवं कलम लिहा. दोन कलमाचं आपसात पटलं नाई, तर शेवटचं खरं धरतात." ही सोय मला फार आवडली. संसारात अशी सोय असती तर कितीतरी भांडणे वाचली असती. तेव्हा वाचणाऱ्याने पहिल्या पानावर भरवसा ठेवू नये.

कलम १. राहते घर माझ्या यजमानांनी माझ्या नावे करून ठेवले होते. ते माझ्या पश्चात मुलगा तुषार याचे. अट एकच. उत्तरेच्या खिडकीची खोली ही शिवणाची खोली आहे, तिथे त्याने संत्र्याचे क्रेट रचू नयेत. त्या खिडकीतला उजेड खोटे बोलत नाही. बाजारातल्या मॅचिंग सेंटरमध्ये बल्बखाली जो मरून दिसतो, तो या खिडकीत विटकरी निघतो. त्या दुकानदाराने मला जन्मभर विटकरी अस्तर मरून म्हणून दिले आणि वर "ताई, तुमच्या डोयात फरक हाय" म्हणाला. तेव्हा नव्हता. आता आहे, पण ते त्याला सांगू नये.

कलम २. पोस्टातली ठेव आणि अंगावरचे सोने तुषार आणि मुलगी तृप्ती यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यात मला काही गोंधळ नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम ३. माझी पायमशीन मुलगी तृप्ती हिला द्यावी. ही मशीन माझ्या लग्नात बोरगावहून बैलगाडीत आली. वडिलांनी तिच्याभोवती गोधडी गुंडाळली होती, माझ्याभोवती नव्हती. तृप्तीचे सगळे फ्रॉक या मशीनवर झाले. सासरी निघताना ती मशीनच्या फळीवर डोके ठेवून रडली, तेव्हा मी सर्वांसमोर म्हटले की ही तुझीच. शब्द दिला तो दिला.

मात्र परवा तिचा नागपूरहून फोन आला. म्हणाली, "आई, मशीन मलेच देजो बरं. वरचं मुंडकं काढून टाकू अन् खालच्या लोखंडी स्टँडवर काच बसवू. आता सगळे असंच करून राहिले. हॉलमधी मस्त दिसते."

मी विचारले, "अन् मुंडक्याचं काय?"

"ते ठेवू ना कुठंतरी."

तेव्हापासून हे कलम मला टोचते आहे. पण खोडायचे नाही, म्हणून राहू देते.

कलम ४. कात्री, मापटेप, खडू, बॉबिनांचा डबा आणि बटणांचा मोठा डबा, हे शिवणाऱ्या माणसाला द्यावे. नाव लिहीत नाही. बटणांचा डबा हलका समजू नये. घरात सदरा फाटला की आधी बटणे काढायची, मग त्याचे पोतेरे करायचे, हा आमच्या घरचा नियम. त्यात यजमानांच्या रेल्वेच्या कोटाची बटणेही आहेत. गोटमारीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी दुकाने बंद असतात, तेव्हा दोरा आदल्या दिवशीच आणून ठेवावा. जरीची लेस सौंसरच्या बाजारात बरी मिळते. अस्तर आधी भिजवावे, मग कापावे. हे न ऐकणाऱ्यांचे ब्लाउज पहिल्या धुण्यात काखेत आवळतात आणि मग त्या माझ्याकडे रडत येतात.

डिझाइनचे म्हणाल, तर ते मी स्टेशनवरून आणत असे. यजमान मालधक्क्यावर कारकून, दुपारी त्यांचा डबा घेऊन मी जायची. लांबच्या गाड्या थोडा वेळ थांबत. खिडक्यांत बसलेल्या बायांचे गळे, बाह्या, काठ मी पाहून घ्यायची आणि घरी येताच खडूने फरशीवर काढायची. पंजाबचा गळा, मद्रासची बाही, सगळे फुकट. फक्त बाई खिडकीत बसलेली असल्याने पाठ कधी दिसत नसे. त्यामुळे माझ्या ब्लाउजांना समोरून देशभरची फॅशन आणि मागून पांढुर्णा. आळीत कोणी तक्रार केली नाही. एकदा एका बाईने मला टक लावून पाहताना पकडले आणि पर्स छातीशी धरली. मी लाजून दुसऱ्या डब्याकडे गेले. यजमान हसले, म्हणाले, "चोरी तर करूनच राहिली ना तू." ते गेल्यावर मी स्टेशनवर गेले नाही. डबा कोणाचा न्यायचा?

कलम ५. कलम ३ बाजूला ठेवून, मशीन सून तेजस्विनी हिला द्यावी. ती घरात आहे, मशीनला तेल तीच घालते, आणि मशीनचे मुंडके काढण्याची भाषा तिने कधी केली नाही.

पण इथेही माझे मन ठरत नाही. तिला सगळे मोबाइलमधून लागते. गळा मोबाइलमधून, बाही मोबाइलमधून, लेससुद्धा कुरिअरने. मी म्हटले, बोटात धरल्याशिवाय कापड कसे कळते? म्हणाली, "फोटोत दिसते ना, आई." त्या फोटोत बाईची पाठही दिसते हे मात्र मला कबूल करावे लागले. मी बराच वेळ त्या पाठी पाहत बसले. इतक्या वर्षांच्या पाठी माझ्या हुकल्या.

म्हणून अट घालते. मी जिवंत असेपर्यंत मशीनला कोणी पाय लावू नये. सुईत दोरा ओवायला मला आता जमत नाही, मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात नागपूरला आहे, त्यानंतर मी पुन्हा बसणार. नाही बसता आले तर काय, हे मला माहीत नाही. मशीन दुसऱ्याची झाली तर मी दिवसभर कोण म्हणून बसायचे, हेही माहीत नाही. हेच खरे दुखणे आहे, बाकी सगळे कायद्याचे.

कलम ६. लोखंडी ट्रंकेतले न शिवलेले कापड. हे सगळे आहेराचे. लग्नात, ओटीत, मुंजीत आलेले ब्लाउजपीस कोणी शिवत नाही, पुढच्या लग्नात पुढे सरकवतात. त्यात गैर काही नाही, मीही सरकवले. फक्त दिलेल्याच घरी परत देऊ नये, एवढी लाज पाळायची असते. ती पाळता यावी म्हणून मी दिलेल्या प्रत्येक कापडाच्या किनारीला एक लाल टाका घालते. कोणाला सांगितलेले नाही.

माझी नणंद, लोधीखेड्याच्या वच्छलाबाई, यांच्या मुलीच्या लग्नात मी जांभळा रेशमी पीस दिला होता. तुषारच्या लग्नात तोच पीस त्यांनी माझ्याच ओटीत घातला. लाल टाका जागच्या जागी. मी दाखवला तर म्हणाल्या, "मी तं तो तवाच सुधाले देला होता, वहिनी. गावोगाव फिरून माह्यापाशी आला असन, त्याले मी काय करू?" खरे असेलही. सुधा त्यांची जाऊ, तिला विचारले तर तिला आठवत नाही. मला कळत नाही की रागवायचे कोणावर, पण मी रागावलेली आहे. तो पीस मी शिवला नाही, पुढे दिला नाही, पुरावा म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

तरी माझ्या तेरवीला, सर्व नातेवाईक जेवायला बसण्यापूर्वी, तो जांभळा पीस वच्छलाबाईंच्या हातात द्यावा. लाल टाका वर दिसेल असा. बाकीचे कापड ज्याला हवे त्याने घ्यावे.

कलम ७. कलम ३ आणि ५ दोन्ही बाजूला ठेवून, मशीन बोरगावला माझ्या भावाच्या घरी परत पाठवावी. तिथे कोणी शिवत नाही, म्हणजे भांडणही नाही. दत्तात्रय भाऊजींनी हे वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, मशीन एक हाय, अन् तुमी तिले तीन गावं दाखोली."

इथवर लिहून झाले आणि मशीनचा आवाज आला.

तो आवाज मी झोपेत ओळखीन. उठून खोलीत गेले. तेजस्विनी मशीनवर बसलेली, ट्रंक उघडी, कापडाचा ढीग खाली, आणि सुईखाली जांभळे रेशीम. पुरावा कापून, हाताने टाचून, हुका लावण्यापर्यंत आला होता.

मी ओरडले, "कोनाले इचारून कापलं?"

ती दचकून उठली. "तुमचाच ब्लाउज होय, आई. ऑपरेशनले नवा घालून जासान म्हणून. तुमाले इचारलं असतं तं तुमी नाई म्हणल्या असत्या."

म्हटले असते, यात वाद नाही. मी ब्लाउज हिसकावला आणि चुका शोधायलाच अंगात घातला. चूक सापडायला वेळ लागला नाही. खांदे उतरत होते, छातीवर कापड लोंबत होते, बाहीत दुसरा हात मावला असता. मी म्हटले, "मोबाइल पाहून असंच होते. माप घेतलं होतं का?"

तिने कपाटातून माझा मापाचा ब्लाउज आणला. शिंप्याकडे टाकताना आपण नमुन्याला देतो तो. सासूच्या अंगाला टेप कसा लावावा म्हणून तिने गुपचूप त्यावरून कापले होते. तिने नवा काढून घेतला आणि जुन्यावर पसरला. तंतोतंत. पाठसुद्धा.

मग मी तो मापाचा ब्लाउज अंगात घातला. तोही तसाच लोंबला.

आळीतल्या प्रत्येक बाईचे अंग मला पाठ आहे; कोण भरली, कोण वाळली, मी नजरेने सांगते. माझे स्वतःचे कधी उतरले ते मला कळले नव्हते. पदराखाली सगळे झाकून जाते. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही.

तेजस्विनीने टेप उचलला. "घेऊ का जी माप?"

मी हात वर केले. इतक्या वर्षांत तिने मला पायाशिवाय कुठे हात लावला नव्हता. ती खांद्यापासून घेत गेली. माप मोठ्याने सांगायची आळीची रीत आहे, पण तिने एकही आकडा तोंडाने म्हटला नाही. बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर लिहीत गेली, आणि मूठ मिटून घेतली.

कलम ८, आणि हेच शेवटचे. जांभळा पीस आता पीस राहिलेला नाही, त्यामुळे कलम ६ मधील माझी वच्छलाबाईंविरुद्धची तक्रार पुराव्याअभावी मागे घेते. तेरवीला त्यांना पोटभर जेवू घालावे. मशीनचा लोखंडी स्टँड मशीनशिवाय नसतो, हे तृप्तीला माझ्या शब्दांत सांगावे. शब्द मोडला म्हणून तिने माझ्यावर रुसावे, तेजस्विनीवर नाही. काचेखाली ठेवायला तिला माझा फोटो आहे. बोरगावला काही पाठवू नये.

मशीन या मृत्युपत्रातून वगळली आहे. मृत्युपत्रात माणसाने आपल्या मालकीचेच लिहायचे असते, आणि मशीन आज दुपारपासून तेजस्विनीची आहे. मी जिवंत असताना, माझ्या देखत दिली आहे. मी बाजूला स्टुलावर बसते.

ब्लाउज तिने दोन्ही बाजूंनी आत घेतला. आत उरलेले कापड छाटायला तिने कात्री उचलली, तेव्हा मी तिचा हात धरला. ते कापलेले नाही. शिवणीत दुमडून ठेवले आहे. ऑपरेशननंतर मी नीट जेवणार आहे.

हे सर्व मी लिहून, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्या समोर सही केली आहे. सही रेघ सोडून खाली गेली असल्यास ती माझीच समजावी.

विजया श्रीधर कळंबे

साक्षीदार:
१. दत्तात्रय भाऊराव डोंगरे, निवृत्त कारकून, पांढुर्णा. (आठही कलमे ऐकली. शेवटचे धरावे.)
२. छाया रमेश खवसे, शेजारीण, पांढुर्णा. (ब्लाउज पाहिला. चांगला बसला.)

ठिकाण: पांढुर्णा
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५