घोड्याच्या घरातलं प्यादं

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ अजून थांबलेली नाही. काल धुळ्यातल्या देवपूरहून शांतिलाल आला होता. तोच, कापडदुकानवाल्यांचा, ज्याच्याकडून मी विद्यापीठाच्या संघनिवडीचा बुद्धिबळाचा डाव हरलो होतो. तो जे सांगून गेला, त्यानंतर मला रडू आवरेना. तुम्हाला नाही तर कुणाला लिहू?

धुळ्याच्या त्या डावाला तुम्ही एरंडोलहून एसटीने हौसेने आलात. जिंकलो असतो तर संघात जागा पक्की होती. माझं प्यादं पार पलीकडे, घोड्याच्या घरात पोहोचलं आणि मी तिथे घोडा ठेवला! कॉलेजच्या नियमांत वजीर करता येतो, हे मला ठाऊक नव्हतं का? पण प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तेच मोहरं बनतं, असं ओट्यावर तुम्ही लहानपणापासून शिकवलेलं. हात सवयीने गेला. आणि मागच्या बाकावरून तुम्ही मोठ्याने म्हणालात, "शाब्बास रे पठ्ठ्या!" सगळे हसले. डाव गेला.

का हसले, ते तुम्हाला व्हरांड्यात कुणीतरी समजावलं. परतीच्या एसटीत, पारोळ्याजवळ, तुम्ही म्हणालात, "मीच तुले खोटं शिकाडं, भाऊ."

खोटं कसं, आबा? तुमच्या खेळात ते खरंच होतं. मी तेव्हाच तसं म्हणालो, पण तुम्ही ऐकता होय! घरी येऊन पट ट्रंकेत टाकलात आणि पुन्हा कधी माझ्यासमोर बसला नाहीत. संघातली जागा गेल्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. संध्याकाळी ओटा रिकामा दिसे, ते मात्र गिळता आलं नाही.

आणि शांतिलाल सांगतो, कपाशीचा भाव बघायला म्हणून तुम्ही धुळ्याला जायचात, ते त्याच्याकडे! नवे नियम शिकायला! "पोऱ्यासंगे खेळनं शे. पक्कं जमनं का मंग सांगसू," म्हणायचात म्हणे.

अहो, पक्कं कशाला जमायला हवं होतं? चुकला असतात तर दोघं हसलो असतो. मी याच घरात होतो, आबा. एकदा नुसती हाक मारायची होती!

तुमचा शेवटचा डाव त्याच्याकडे अर्धाच राहिलाय. मोहरे त्याने हलवलेले नाहीत. चाल तुमची आहे म्हणाला. येत्या रविवारी मी देवपूरला जाईन, तुमच्या बाजूने बसेन आणि तुम्ही शिकलात त्याच नियमांनी तो पुरा करीन. जिंकलो तर तुम्ही जिंकलात. हरलो तर मी हरलो म्हणायचं, तुम्ही नाही.

तुमचा,
मधू