टाकायला लावणारा पत्ता

दादा, तुमच्या लेकीचा नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? पहाटे खोकल्याची उबळ यायची, ती तिथं तरी थांबली का? आईच्या टाचांच्या भेगा भरल्या का? तिला सांगा, मेण आणि खोबरेल तेलाचा तिचा उपाय मी अजून करते, आणि अजून काडीचा फरक पडत नाही. थोरल्या काकीचा डोळा कसा आहे? आपली तांबडी गाय मागचा पाय ओढत चालायची, ती आता नीट चालते का? आमचे हे तुमच्याकडे आले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी मागितली तरी चहात साखर कमीच घाला. सगळ्यांचं विचारून झालं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याचं विचारते. माझा मुलगा तिथं पोचला का? तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो रांगत होता, त्यामुळं ओळख पटायची नाही. पुढचे केस विरळ झालेत, चष्मा आहे, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी खिशात हात घालतो. अंबडला कंपनीत मशीनपाशी उभा होता, तिथूनच गेला. डबा अर्धा खाल्लेला परत आला.

घरात आता आम्ही तिघीच आहोत. मी, सून आणि नात. नाशिक रोडचं हे घर तुम्ही पाहिलं नाही, छोटंसं आहे, पण दुपारी इतकं मोठं होतं की बोललेलं परत ऐकू येतं. सून एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. नात कॉलेजात जाते. बाप गेल्यापासून ती पोर ना रडली ना धड बोलली. विचारलं की "हो", "नाही", "बघू". आणि एक दिवस कॉलेजातून आली, दप्तर टाकलं, पत्त्यांचे दोन डबे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "आजी, बसतेस का?" मी निवडायला घेतलेली मेथी तशीच बाजूला सारली. ती जुगाराला बस म्हणाली असती तरी बसले असते.

आपण विरळणीच्या दिवसांत द्राक्षाच्या बागेत गोणपाटावर मेंढीकोट खेळायचो, तसले पत्ते नव्हेत हे. बदाम नाही, इस्पिक नाही. प्रत्येक पत्त्यावर कुणी प्राणी, कुणी राक्षस, कुणी जादूगार, आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखं इंग्रजी. आपला कॅट आपणच निवडून निवडून जमवायचा आणि त्यातूनच खेळायचं. प्राणी समोर मांडले की ते पुढच्यावर चालून जातात. माझ्या मुलाला हे वेड कंपनीतल्या मित्रानं लावलं, त्यानं ते लेकीला लावलं. रविवार आला की बापलेक कॉलेज रोडच्या एका दुकानात खेळायला जायचे. मी म्हणायचे, जावई शोधायची वेळ आली आणि बाप अजून राक्षस गोळा करतोय.

नातीनं तिचा कॅट मला दिला आणि बापाचा स्वतः घेतला. मी पत्ते हातात लावते न लावते तोच तिनं एक पत्ता टाकला. "हात दाखव."

"का गं?"

"डिस्कार्ड स्पेल आहे. मी तुझे सगळे पत्ते बघणार आणि त्यातला एक तुला टाकायला लावणार."

"पण पत्ता माझा आहे ना?"

"म्हणून तर."

रमीत नको तो पत्ता आपणच टाकतो, हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या हातात डोकवायचं आणि त्याला हवा तोच पत्ता टाकायला लावायचा, हे काही मी ऐकलं नव्हतं. बरं, त्यातून वाचून एखादा प्राणी मांडलाच, तर त्याला मारायचे पत्ते वेगळे. नात त्यांना रिमूव्हल म्हणते, मी उचलबांगडी म्हणते. माझा गेंडा टेबलावर आला नाही तोच तिनं तो उचलून बाजूला ठेवला. मी म्हटलं, "आत्ता तर आला बिचारा, चहा तरी पिऊ द्यायचास." आणि दादा, ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली, आणि तव्याला बोट लागल्यासारखी चटकन थांबली.

मुंगीला वाट करून देणारं माझं पोर, आणि त्याचा कॅट हा असला! निम्मे पत्ते हातातलं हिसकावणारे, निम्मे मांडलेलं उचलणारे. मी म्हटलंसुद्धा, "तुझा बाप इतका दुष्ट खेळायचा?" ती पत्ते पिसत होती. म्हणाली, "दुष्ट नाही गं. बाबांना भीती वाटायची. म्हणायचे, समोरच्याच्या हातात काय आहे ते एकदा दिसलं की निम्मी भीती जाते."  कसली भीती वाटायची त्याला? माझ्याशी तो "भाजी काय केलीस" एवढंच बोलायचा, मी "दोडका" म्हणायचे, तो खिशात हात घालून "बरं" म्हणायचा. जन्म दिलेल्या पोराच्या हातात काय होतं ते मला एका खेळाच्या पत्त्यांवरून कळावं, हे काय कळणं झालं?

मग एक दिवस आम्ही कॅट बदलून बघितले. त्याचे पत्ते माझ्या हातात आले. मला काय सुचावं, तिनं पहिलाच एक फुटकळ उंदीर मांडला तर मी लगेच उचलबांगडी केली. दुसरं काहीतरी किरकोळ आलं, त्याचीही केली. आणि मग तिनं एक पंखवाला अजस्र प्राणी मांडला, तेव्हा माझ्या हातात फक्त टाकायला लावणारे पत्ते, आणि तिच्या हातात एकही पत्ता नाही. रिकाम्या हातातून काय टाकायला लावणार? वरातीमागून घोडं. नात म्हणाली, "हे पत्ते सुरुवातीलाच खेळायचे, आजी. उशिरा आले की नुसता कचरा. आणि बाबा म्हणायचे, उंदराला चावू द्यावं. थोडं रक्त जाईल, जाऊ दे. काठी वाघासाठी ठेवावी."

तेव्हा मला तुम्ही आठवलात. आईचं दहावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी भांडेवाली दारात. तुम्ही आईची ट्रंक ओसरीवर आणून उपडी केलीत. मी चुलीपाशी उभी आहे, हात पिठाचे आहेत, आणि तुम्ही एकेक लुगडं न बघता तिच्या पुढ्यात टाकताय. ते हिरवंही टाकलंत, ज्याच्या पदराला आईनं हिरवा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. मी म्हटलं, "दादा, ते राहू द्या ना." तुम्ही खेकसलात, "मेलेल्या माणसाचं घरात ठिवलं की जित्या माणसाला वाळवी लागती. जा, भाकरी बघ." सगळ्याच्या बदल्यात एक स्टीलचं पातेलं आलं. त्याला कुणी हात लावेना, शेवटी काकीनं त्यात दूध तापवलं.

आणि मग निफाडच्या बाजारातला तो दिवस. मी तुमच्या मागं पिशवी धरून चाललेली, समोर एक बाई, आणि तिच्या पाठीवर ते हिरवं लुगडं, लाल रफू. मी तुमचा सदरा ओढून दाखवलं.  तुम्ही माझ्या हातातून सदरा सोडवलात आणि तिच्या मागं मागं गेलात. ती मिरच्यांपाशी थांबली की तुम्ही थांबताय, ती पुढं निघाली की तुम्ही निघताय, गर्दीतून वाट काढत. मी लसणाच्या ढिगापाशी उभी राहून रडायला लागले. तुम्ही परत आलात ते रिकामे, आणि म्हणालात, "लय गर्दी हाय. चल." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तेव्हा मला वाटलं, तुमचं पोट बिघडलं असेल. दादा, तुम्ही पहिल्याच उंदराला काठी मारलीत. खरं दुःख नंतर बाजारात आलं, आणि तुमच्या हातात काहीच नव्हतं.

म्हणूनच की काय, मी उलटं केलं. मी काहीच टाकलं नाही. मुलाचा फोन कंपनीतून डब्याच्या पिशवीत घालून परत आला होता, तो मी ठेवून घेतला. रोज चार्जिंगला लावायचे. नातीकडून रिचार्ज करून घ्यायचे, ती तोंड फिरवून करून द्यायची. फोन यायचे. कुणी बँकेचं, कुणी कुरिअरवाला, कुणी जुना ओळखीचा. मी उचलायचे आणि म्हणायचे, "तो बाहेर गेलाय. आला की सांगते." पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, मग तेच निघत राहिलं. दुपारी एक फोन यायचा, त्यावर कुणी बोलायचंच नाही. मी माझं वाक्य म्हणायचे, पलीकडे क्षणभर श्वास ऐकू यायचा, आणि फोन बंद व्हायचा. मला वाटायचं, लाइन खराब असेल.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं एका रविवारी सून म्हणाली, "आई, आज कपाट काढू या का? दवाखान्यातल्या मावशी कपडे न्यायला येतायत."

"ने की. माझ्या अंगावरचंही ने."

"अहो आई, मी काय परक्याचं कपाट उघडतेय का?"

नात आतून आली. "भांडू नका गं. खेळात करतात तसं करू. तिघींनी हात उघडे करायचे. जे जे लपवून ठेवलंय ते सगळं पलंगावर मांडायचं. मग प्रत्येकीचं एकच जाईल, आणि ते दुसरीनं निवडायचं. बाकीचं जिचं तिनं ठेवावं."

सुनेनं कपाटातले शर्ट मांडले आणि मग उशीच्या अभ्र्यातून त्याचा पंचा काढला. धुतलेला नव्हता. नातीनं बापाचा कॅट ठेवला. मी गादीखालचा स्वेटर काढला, चष्मा काढला.

"आणि?" नात म्हणाली.

"आणि काय?"

"आजी, हात सगळा दाखवायचा असतो."

मी कमरेच्या पिशवीतून फोन काढून ठेवला. तिनं लगेच बोट ठेवलं. "हा."

"हा सोडून काहीही ने, बाई. स्वेटर ने."

"जो सगळ्यात जास्त लागतो तोच जातो, आजी. नाहीतर कशाला बघायचा हात?"

तेवढ्यात सूनच म्हणाली, "तो नको. राहू दे अजून थोडे दिवस."

"मम्मी, कपाट तूच काढलंस ना?"

"कपाट ने सगळं. फोन नको." आणि ती खिडकीकडे बघायला लागली. बाहेर काही नव्हतं, शेजारच्या बिल्डिंगची भिंत. मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "दुपारचा फोन तू करायचीस?"

तिनं पंच्याची घडी घातली. मग म्हणाली, "रिसेप्शनच्या फोनवरून. डबा उघडायच्या आधी."

"मग बोलायची का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणायच्या, बाहेर गेलाय, आला की सांगते. तेवढं ऐकलं की घास उतरायचा."

नातीनं फोनवरचं बोट काढून घेतलं. "मग मी नाही निवडत," म्हणाली, आवाज फुटला होता. पण मी सुनेचे हात बघत होते. वर्षभरात बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्यात, आणि मी रोज तिचा डबा भरत होते. माझ्या एका वाक्यावर ही बाई जेवत होती, आणि तशी वाळत होती. मी म्हटलं, "टाकलेला पत्ता मागं घेता येत नाही." फोन बंद करायचं बटण मला सापडेना. ते सुनेनंच दाबलं. नातीनं आतलं कार्ड काढलं, "नक्की ना, आजी?" असं परत परत विचारत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा स्वतःचा फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. "बाहेर" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला आणि म्हटलं, "जेवलीस का?"

"हो."

"काय होतं डब्यात?"

"तुम्हीच दिलंय ना."

"मग सांग की."

"...बटाटा."

मी गिलकं दिलं होतं. म्हटलं, "उघड डबा. मी धरते फोन." झाकणाचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग चावल्याचा आवाज. तिची पोळी संपेपर्यंत मी कानाला फोन लावून उभी होते. ती रडत होती की खात होती ते नीट कळलं नाही, दोन्ही असेल. आता रोज असंच चाललंय. बोलायला आम्हाला काही नसतं.

दादा, पाकीट आणून ठेवलंय, पण वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून हे लिहून झालं की गव्हाच्या डब्यामागं ठेवणार आहे. शेजारणी म्हणतात, बरं केलंत, मन घट्ट केलंत. कुठलं घट्ट! तुम्हाला म्हणून सांगते, मला सुनेचा राग येतो. तिनं आधी सांगायला हवं होतं. आम्ही दोघींनी मिळून त्याला अजून थोडे दिवस बाहेर ठेवला असता. असला राग बरा की वाईट, ते कळवा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, पण लवकर लिहा.